भरून ठेवलेल्या बॅटऱ्या

एका गावात एक म्हातारा मिस्त्री राहत होता. रिमोटवर उडणारी छोटी हेलिकॉप्टरं तो दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी वारा पडला, की गावाबाहेरच्या माळावर उडवायचा. त्याच्याकडे एक पोरगा शिकायला आला. पोरगा नेटका होता आणि वस्तूंवर जीव लावणारा होता.

काम हाताखालून गेल्यावर मिस्त्रीने त्याला एक हेलिकॉप्टर दिलं. सोबत तीन लिथियम पॉलिमर बॅटऱ्या दिल्या, प्रत्येकी तीन सेलच्या, २२०० मिलिअँपिअर-तासांच्या. त्याच दिवशी, त्याच दुकानातून त्याने स्वतःसाठीही तशाच तीन घेतल्या.

पहिल्याच उड्डाणात सहा मिनिटांनी टायमर वाजला.

"काका, अजून दम आहे हिच्यात," पोरगा म्हणाला.

"दम आहे तोवरच उतरायचं. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला, की पुन्हा पहिल्यासारखा होत नाही."

पोराने लगेच उतरवलं. बॅटरी हाताला गरम लागत होती. ती निवेपर्यंत तो थांबला. मग फरशीच्या तुकड्यावर ठेवून, बॅलन्सची वायर जोडून, २.२ अँपिअरवर चार्जिंगला लावली आणि शेजारी बसून राहिला. आईने जेवायला हाक मारली, तर तो आधी चार्जर बंद करायचा, मगच उठायचा. एवढी काळजी मोठी माणसंही घेत नाहीत.

मृग लागला. माळावर चिखल झाला. आता दसऱ्यापर्यंत उड्डाण नाही.

पोराने तिन्ही बॅटऱ्या पुसल्या. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टपर्यंत काठोकाठ भरला. मऊ कापडात गुंडाळून त्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या आणि डबा छपराखालच्या वरच्या फळीवर ठेवला. उघडीप मिळाली, की लगेच उडवता आलं पाहिजे ना!

मिस्त्रीने आपल्या बॅटऱ्या ३.८ व्होल्टवर आणून थांबवल्या. घरातल्या थंड कोपऱ्यात मातीच्या कुंडीत वाळू पसरली, वर त्या ठेवल्या.

"काका, तुमच्या अर्ध्याच आहेत."

"असू देत. तूही भरून ठेवू नकोस."

पोराने ऐकलं, पण त्याचा जीव होईना. घरच्या माणसाला अर्धपोटी झोपवावं, तसं त्याला वाटलं. दर पंधरवड्याला तो डबा उतरवायचा, सेल मोजायचा आणि जरा कमी दिसलं तर पुन्हा भरायचा.

पाऊस ओसरला. भाद्रपदाचं ऊन पडलं, पत्रा तापू लागला. मग आश्विन आला, आणि दसऱ्याच्या सकाळी आभाळ स्वच्छ निघालं. पोराने कापड सोडलं. पहिली बॅटरी त्याने टेबलावर ठेवली, तर ती सपाट बसेना, डुगडुगू लागली. मधोमध फुगली होती. वरचं निळं वेष्टन ताणून शिवणीपाशी पांढरं पडलं होतं. दुसरीही तशीच. तिसरी मात्र सरळ दिसत होती. तीच घेऊन तो माळावर धावला.

हेलिकॉप्टर उचललं. थोडा वेळ नीट घिरट्या घातल्या. तिसऱ्या मिनिटाला पोराने ते वर चढवायला घेतलं, तशी पात्यांची गती एकदम खाली आली. त्याने ते कसंबसं गवतात उतरवलं. मिस्त्रीने सेल मोजले. दोन ३.६ वर होते, तिसरा ३.१ वर.

मिस्त्रीने आपली बॅटरी चार्जिंगला लावली. तासभर दोघे बसून राहिले. मग ती बॅटरी टायमर वाजेपर्यंत उडाली.

पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, मी तर एक दिवस त्यांना रिकामं राहू दिलं नाही."

मिस्त्री रागावला नाही. म्हणाला, "काठोकाठ भरलेला सेल आतून ताणात असतो. त्या ताणात आतला द्राव हळूहळू बिघडतो, त्याचा वायू होतो. उष्णतेने ते लवकर होतं. वायूला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून बॅटरी फुगते. उडायच्या दिवशी भरावी, उडून झालं की अर्ध्यावर ठेवावी."

पोराने फुगलेल्या बॅटरीवर बोट टेकवलं.

"दाबू नकोस," मिस्त्री म्हणाला. "टोचायची नाही, आणि पुन्हा चार्जरला तर लावायचीच नाही. आग धरते."

त्यांनी दोन्ही बॅटऱ्या उघड्यावर नेल्या. वाळूवर ठेवून एकेकीला मोटारीच्या दिव्याचा १२ व्होल्टचा बल्ब जोडला. बल्ब पिवळा झाला, तांबूस झाला, विझला. पूर्ण उतरलेल्या बॅटऱ्या ई-कचऱ्याच्या पेटीत टाकायला मिस्त्रीने बाजूला काढल्या. तिसरीही त्याच वाटेने गेली.

"तू त्यांना जपलंस, पण तुझ्या मनाला बरं वाटेल तसं जपलंस," तो म्हणाला. "ज्याला जपायचं, त्याला काय सोसतं ते आधी बघावं."

मग त्याने आपल्या तीनपैकी एक बॅटरी पोराला दिली. पोराने ती त्याच संध्याकाळी उडवली, टायमर वाजताच उतरवली, निवू दिली. घरी आल्यावर चार्जरला जोडून समोर बसला. प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आला, तशी त्याने वायर काढली.