ओढ्याची शकावली

भोरजवळच्या आंबवड्यात नागेश्वराला जाताना संस्थानकाळातला झुलता पूल लागतो. खाली ओढा, पलीकडे झाडीत देऊळ. याच गावात शिवरायांचे सहकारी कान्होजी जेधे यांची समाधी आहे. जेध्यांचे गाव कारी तिथून जवळच. त्या घराण्याने एक शकावली पिढ्यान्‌पिढ्या जपली. तिच्यात कोणत्या साली, कोणत्या तिथीला काय घडले, एवढेच लिहिलेले आहे. लोकमान्य टिळकांनी ती प्रकाशात आणली आणि शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया ही शिवजन्माची तिथी तिच्या आधाराने पुढे आली.

पर्यावरणाचे खटले वाचताना मला ही शकावली सारखी आठवते. गावाची बाजू खरी असूनही तारखेवर हरलेले खटले मी वाचले आहेत.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम खंडपीठ पुण्यात आहे, आंबवड्यापासून साठेक किलोमीटरवर. भरपाई मागायची नसेल तर अर्जाचे शुल्क हजार रुपये. म्हणजे अंतर आणि पैसा हे मोठे अडसर नाहीत, अडसर वेळेचा आहे. २०१० च्या कायद्याप्रमाणे प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीविरुद्ध ३० दिवसांत अपील करावे लागते. उशिराचे कारण पटले तर आणखी ६० दिवस मिळतात, त्यापुढे एकही नाही. इतर वादांना सहा महिने, तेही वादाचे कारण पहिल्यांदा उद्भवल्यापासून. गावाला मात्र डोंगर फुटतोय हे कळते ते पोकलेन वर चढल्यावर. मंजुरी त्याच्या कितीतरी आधी निघालेली असते आणि तिचा कागद इंग्रजीत असतो.

मोठ्या खाणीला किंवा धरणाला निदान जनसुनावणी लागते. २००६ च्या अधिसूचनेने बांधकाम आणि टाउनशिप प्रकल्पांना त्यातून सूट दिली, आणि २०,००० चौरस मीटरपेक्षा कमी बांधकामाला तर त्या अधिसूचनेखाली मंजुरीच लागत नाही. भोर-वेल्ह्याच्या उतारांवर दिसते ते प्लॉटिंग, फार्महाऊस आणि त्यांच्यासाठी कापलेले रस्ते. डोंगराचे तुकडे पाडून विकले की प्रत्येक तुकडा कायद्याच्या नजरेतून निसटतो. ओढ्याला मात्र सगळ्या तुकड्यांची माती एकदम येऊन मिळते.

वेल्हे आणि मुळशी तालुक्यांनी हे लवासाच्या निमित्ताने मोठ्या प्रमाणावर पाहिले. वरसगावच्या जलाशयाकाठी मोसे खोऱ्यात लवासा हे शहर उभे राहू लागले. स्थानिकांनी आणि जनआंदोलनांनी तक्रारी केल्या, आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची कारणे दाखवा नोटीस नोव्हेंबर २०१० मध्ये आली. तोवर डोंगर कापून झाले होते. वर्षभराने, नोव्हेंबर २०११ मध्ये, अटी घालून मंजुरीही मिळाली. जमीनखरेदीच्या परवानग्यांना नाशिकच्या एका वकिलाने जनहित याचिकेतून आव्हान दिले. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती निकाली काढली आणि फार उशीर झाला म्हणून दिलासा नाकारला. निकालाच्या या ओळीपाशी मी दरवेळी अडखळतो. शेतकऱ्याने उशीर केला म्हणायचे, तर त्याला वेळेत सांगायला कोण आले होते?

तारीख गावाच्या बाजूनेही उभी राहू शकते, हे गोव्याने दाखवले. क्लॉड आल्वारिस आणि अ‍ॅड. नॉर्मा आल्वारिस यांच्या गोवा फाउंडेशनने १९८६ पासून कागद गोळा करण्याचे कंटाळवाणे काम सोडले नाही. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की गोव्यातले खाणपट्टे २२ नोव्हेंबर २००७ लाच संपले होते. त्यानंतरचे खोदकाम बेकायदा. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये नूतनीकरण केलेले ८८ पट्टेही रद्द झाले. एवढ्या बलाढ्य उद्योगाचा हिशेब एका दिवसावर येऊन ठेपला.

असे वकील जगभर आहेत. १९८९ मध्ये दहा देशांतल्या वकिलांनी एकत्र येऊन अमेरिकेतल्या ऑरेगॉनमध्ये ‘ई-लॉ’ नावाचे जाळे उभारले. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे वकिलांच्या पाठीशी शास्त्रज्ञही आहेत. पाण्याचा नमुना कुठून, किती खोलीवरून घ्यायचा, प्रकल्पाच्या अहवालात कोणता आकडा पोकळ आहे, हे ते सांगतात. खरे वकिली काम युक्तिवादाच्या कितीतरी आधी, ओढ्याच्या काठावर सुरू होते.

म्हणूनच वकील गावात भांडण पेटण्याआधी यायला हवा, चावडीवर बसायला हवा. म्हातारी सांगते, ‘आमच्या लहानपणी हा झरा होळीपर्यंत वाहायचा.’ हे ज्ञान आहे, पण न्यायालयात ते पुरावा म्हणून सहज टिकत नाही. तेच गट क्रमांक, तारीख आणि फोटोसह दरवर्षी लिहिले गेले तर टिकू शकते. २००२ च्या जैवविविधता कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोकजैवविविधता नोंदवहीची तरतूद केली आहे, आणि हा कायदा हरित न्यायाधिकरणाच्या अखत्यारीत येतो. देवराईतली झाडे, झरा आटल्याची तिथी, माशांची नावे त्या वहीत भरता येतात. शकावली लिहिणाऱ्यांच्या मुलखाला हे परके वाटू नये.

३१ जुलै २०२४ ला पश्चिम घाटातले पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवणाऱ्या अधिसूचनेचा सहावा मसुदा निघाला. हरकती आणि सूचनांसाठी साठ दिवस होते. त्या साठ दिवसांत मावळात भातलावणीची शेवटची घाई होती, मग गणपती आले, मग पितृपंधरवडा लागला. ओढा तेव्हा दुथडी भरून वाहत होता. त्याची त्या वर्षीची पातळी कुणी लिहून ठेवली असेल, तर ती वही मला पाहायची आहे.