शेवटची रांग

पहाटेची वेळ होती. पुण्याहून दिल्लीला निघालेले विमान भरलेले होते. मधून एक चिंचोळी वाट, वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सीट, अशा ३० रांगा. जागा १८० होत्या आणि माणसेही १८० होती. शिवाय एक बाळ होते. ते आईच्या मांडीवर होते, कारण दोन वर्षांखालच्या मुलाला विमानात सहसा वेगळी जागा नसते.

बॅगा वरच्या कप्प्यांत गेल्या, झाकणे मिटली. पट्टे बांधून झाले. विमान आकाशात चढले आणि थोड्या वेळाने पट्ट्याचा दिवा विझला. कुणी डोळे मिटले, कुणी पुस्तक काढले, कुणी घरून आणलेला डबा उघडला.

पंचविसाव्या रांगेत, वाटेकडेच्या सीटवर, पन्नाशीचे एक गृहस्थ बसले होते. दिवा विझताच त्यांनी हाताशी असलेले बटण दाबले आणि पाठ मागे टाकली. सीट दोन-तीन इंच मागे गेली. त्यांनी हळूच श्वास सोडला आणि डोळे मिटले.

त्यांच्या मागे, सव्विसाव्या रांगेत, एक तरुण अधिकारी बसला होता. त्याने समोरचा ट्रे उघडून त्यावर लॅपटॉप ठेवला होता. दिल्लीला पोचल्यावर त्याची बैठक होती आणि काम अजून पुरे व्हायचे होते. पुढची सीट मागे आली तसा लॅपटॉपचा पडदा तिच्याखाली अडकला. त्याने पडदा सोडवला, अर्धा मिटला, मान वाकवून पाहिले. काही नीट दिसेना. तो रागावला, पण बोलला नाही. त्याने पुढच्या सीटला गुडघ्याने एक धक्का दिला. थोड्या वेळाने आणखी एक दिला. पुढून काही हालचाल झाली नाही. मग त्याने आपले बटण दाबले आणि तोही मागे रेलला.

त्याच्या मागे एक उंच विद्यार्थी होता. त्याचे गुडघे आधीच पुढच्या सीटला टेकलेले होते. अशा विमानांत एका सीटच्या पाठीपासून मागच्या सीटच्या पाठीपर्यंत जेमतेम २८ ते ३० इंच अंतर असते. त्यातच सीटची जाडी आणि त्यातच माणसाचे पाय. पुढची सीट रेलली तशी त्याला पायांची जागा उरली नाही. त्याने अंग तिरके करून पाहिले, मग बटण दाबले.

त्याच्या मागे एक शिक्षिका उत्तरपत्रिका तपासत होत्या. ट्रे त्यांच्या पोटाशी आला. त्यांनी गठ्ठा पिशवीत ठेवला, ट्रे बंद केला आणि बटण दाबले. त्यांच्या मागे एक आजोबा होते. पुढची सीट अगदी तोंडाशी आल्यावर त्यांना कोंडल्यासारखे वाटू लागले. त्यांनीही बटण दाबले.

आजोबांची रांग एकोणतिसावी होती. त्यांच्या मागे फक्त एक रांग उरली होती.

त्या शेवटच्या रांगेत ती बाळाची आई बसली होती. तिच्या सीटमागे भिंत होती, म्हणून तिची सीट मागे जाणारी नव्हती. आजोबांची सीट अचानक मागे आली आणि बाळाच्या डोक्याला लागता लागता राहिली. आईने चटकन मधे हात घातला. तिने बाळाला छातीशी घट्ट धरले आणि पाय आत ओढून घेतले. सीट पुढे घ्याल का, असे तिला विचारावेसे वाटले, पण पुढे वयस्कर माणूस होता आणि ती एकटी होती. ती काही बोलली नाही.

बाळ मात्र जागे झाले आणि रडू लागले.

ते बराच वेळ रडत राहिले. पुढच्या रांगांतून माना वळू लागल्या. कुणी कानांत बोळे घातले, कुणी चुळबुळ केली. आजोबांचीही झोपमोड झाली. काय झाले ते पाहायला ते उठून उभे राहिले आणि त्यांनी मागे पाहिले.

आई बाळाला जोजवायला पाहत होती, पण तिचे कोपर हलायलाही जागा नव्हती. एक हात बाळाखाली होता. दुसरा हात तिने बाळाचे डोके आणि पुढची सीट यांच्या मधे धरून ठेवला होता.

आजोबांनी विचारले, "पोरी, तुझी सीट मागे जात नाही का?"

"नाही हो आजोबा. शेवटची आहे ना."

आजोबांनी खाली बसून लगेच आपली सीट सरळ केली. पण आता पुढची सीट त्यांच्या छातीशी आली. ते क्षणभर थांबले. मग पुढे वाकून म्हणाले, "बाई, एक विनंती होती. मागे तान्हं बाळ आहे, म्हणून मी माझी सीट सरळ केलीय. तुमची जरा पुढे घेता येईल का?"

शिक्षिकाबाईंनी मागे वळून पाहिले. "अगंबाई," त्या म्हणाल्या, "घेते हो, घेते. पुढची सीट माझ्यावर आली म्हणून मी मागे केली. तुम्हाला अडचण होईल हे डोक्यातच आलं नाही."

त्यांनी सीट सरळ केली आणि विद्यार्थ्याच्या खांद्यावर बोट टेकवले. "बाळा, तुझी सीट पुढे घेतोस का रे?"

विद्यार्थी चटकन सावरून बसला. "सॉरी मॅडम. माझेही पाय अडकले होते." त्याने सीट सरळ केली आणि तो पुढच्या अधिकाऱ्याला म्हणाला, "सर, आम्ही मागचे सगळे सरळ बसलोय. तुम्ही थोडं पुढे घ्याल?"

अधिकाऱ्याने मागे पाहिले. एकामागे एक तीन सीट सरळ झाल्या होत्या आणि तिन्हींवरून माणसे त्याच्याकडे पाहत होती. "मी सुरुवात केलेली नाही," तो म्हणाला. तरी त्याने आपली सीट सरळ केली. मग पुढे वाकून जरा चढ्या आवाजात म्हणाला, "काका, तुमच्यामुळे शेवटपर्यंत सगळ्यांना त्रास होतोय."

पुढचे गृहस्थ वळले. नुसती मान वळवणे त्यांना जमत नव्हते. दोन्ही हातांनी सीटचा आधार घेऊन त्यांनी सगळे अंग वळवले. तेव्हा अधिकाऱ्याला त्यांच्या कमरेला बांधलेला रुंद पट्टा दिसला.

"माफ करा," गृहस्थ म्हणाले. "मणक्याचं ऑपरेशन झालंय. दिल्लीला दाखवायला चाललोय. सरळ बसलं की कळ येते. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. पण नाही म्हणालात तर काय, असं वाटलं, म्हणून विचारलंच नाही."

ते सीट सरळ करू लागले. त्यांच्या चेहऱ्यावर वेदना उमटली. अधिकाऱ्याला आपण गुडघ्याने दिलेले धक्के आठवले.

"थांबा काका," तो म्हणाला. "करू नका सरळ."

पण मग काय करायचे, हे त्यालाही सुचेना. गृहस्थ रेलले तर अधिकाऱ्याचे काम अडणार होते, आणि सरळ बसले तर त्यांची पाठ दुखणार होती. सगळे गप्प झाले.

वाटेच्या पलीकडे, सत्ताविसाव्या रांगेत, सात-आठ वर्षांचा एक मुलगा बसला होता. त्याची आजी पहिल्यांदाच विमानात बसली होती, म्हणून त्याने खिडकी तिला दिली होती आणि स्वतः वाटेकडेच्या सीटवर आला होता. हे सगळे बोलणे तो ऐकत होता. तो म्हणाला, "काका, तुम्ही माझ्या पुढच्या सीटवर बसा ना. ती कितीही मागे आली तरी चालेल. माझे पाय तिथपर्यंत पोचतच नाहीत."

त्याच्या पुढच्या सीटवर एक तरुणी गाणी ऐकत होती. तिला सांगितल्यावर तिने कानांवरचे हेडफोन काढले आणि ती लगेच उठली. "या काका, बसा. मी तुमच्या जागेवर जाते. मला सरळ बसायला काहीच त्रास नाही."

तेवढ्यात चहाची ट्रॉली घेऊन एअर होस्टेस आली. तिने सगळे ऐकून घेतले आणि जागा बदलायला होकार दिला. ट्रॉली मागे घेऊन तिने वाट करून दिली. अधिकाऱ्याने गृहस्थांना हाताला धरून उठवले आणि नव्या जागी बसवले. गृहस्थ मागे रेलले. त्यांच्या मागे मुलगा मांडी घालून चित्र काढत बसला.

अधिकाऱ्याचा लॅपटॉप पूर्ण उघडला. विद्यार्थ्याचे पाय सुटे झाले. शिक्षिकाबाईंनी गठ्ठा पुन्हा बाहेर काढला. आजोबांना सरळ बसूनच डुलकी लागली. सगळ्यांत मागे आईने बाळाला आडवे घेतले आणि ते निजले.

विमान उतरायची वेळ आली. सीट सरळ करा, ट्रे बंद करा, खिडक्यांची झाकणे उघडी ठेवा, अशी सूचना झाली. एअर होस्टेस एकेक रांग पाहत आली. गृहस्थांनी विचारले, "मी थोडा रेललेलाच राहिलो तर चालेल का? मागे लहान मुलगाच आहे."

"नाही काका, आता नाही," ती म्हणाली. "चढताना आणि उतरताना धोका जास्त. काही बिघडलं तर मागच्याला त्याच क्षणी उठून बाहेर पडता आलं पाहिजे. नव्या प्रकारच्या विमानाची परीक्षा घेतात, तेव्हा निम्मीच दारं वापरायची आणि ९० सेकंदांत सगळ्यांनी बाहेर पडायचं, असा नियम आहे. रेललेली सीट, उघडा ट्रे, पायांत ठेवलेली बॅग, यातलं काहीही मागच्याची वाट अडवतं."

ती जरा थांबली. "२०२४ च्या २ जानेवारीला टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरणारं एक मोठं विमान धावपट्टीवरच्या छोट्या विमानाला धडकलं आणि पेटलं. छोट्या विमानातले पाच जण गेले. मोठ्या विमानात ३७९ माणसं होती. ती सामान मागे टाकून निघाली आणि सगळीच्या सगळी जिवंत बाहेर आली."

गृहस्थांनी काही न बोलता बटण दाबले आणि ते सरळ बसले. शिक्षिकाबाईंनी आपल्या शालीची घडी करून ती पुढे पाठवली. विद्यार्थ्याने ती अधिकाऱ्याकडे दिली आणि अधिकाऱ्याने ती गृहस्थांच्या कमरेमागे नीट बसवली.

विमान खाली येऊ लागले. हवेचा दाब बदलतो तसे लहान मुलांचे कान दुखतात आणि दूध गिळताना ते मोकळे होतात. शेवटच्या रांगेत आईला आता पदराआड बाळाला पाजायला पुरेशी जागा होती. विमान जमिनीला टेकले तरी बाळ रडले नाही.

विमान धावपट्टीवरून जात असतानाच काही जण उठून उभे राहिले. अधिकारीही नेहमी त्यांच्यातलाच असे. आज तो पट्टा बांधून बसून राहिला. विमान पूर्ण थांबले, दिवा विझला, तेव्हा उठून त्याने आधी गृहस्थांची बॅग खाली काढली. "सावकाश उठा काका," तो म्हणाला. "मी थांबतो." तो थांबला, म्हणून त्याच्या मागचेही थांबले. गृहस्थ आपल्या चालीने पुढे गेले.

या गोष्टीत वाईट माणूस कुणी नाही. प्रत्येकाने आपल्या हाताशी असलेले बटण दाबले आणि ते दाबायचा त्याला हक्क होता. पण विमानातली जागा ठरलेली असते. एकाला दोन इंच मिळाले की कुणाचे तरी दोन इंच कमी होतात. ज्याचे कमी झाले तो न बोलता ती अडचण आपल्या मागच्याकडे सरकवतो, आणि ती मागे मागे जात अशा माणसाशी येऊन थांबते ज्याला ती आणखी कुणाकडे देता येत नाही. बहुतेक वेळा तोच सगळ्यांत कमी बोलणारा असतो.

चांगला प्रवासी होण्यासाठी मोठा त्याग करावा लागतो असे नाही. गृहस्थांना पाठ टेकायला मिळाली, अधिकाऱ्याचे काम झाले आणि बाळही निजले. त्यासाठी कुणालाच फार काही सोडावे लागले नाही. आजोबांनी उठून मागे पाहिले आणि पुढच्याला न रागावता विचारले, तेव्हापासून वाट निघत गेली. बटण दाबण्याआधी एकदा मागे पाहावे आणि मागच्याला विचारावे. स्वतःची अडचण असेल तर तीही न लाजता सांगावी. दोन तासांच्या सोबतीत आपण एकमेकांचे एवढे देणे नक्कीच लागतो.