शर्यतीचा आरंभ

करिंथ येथील मंडळीस लिहितांना प्रेषित पौलानें शर्यतीचा दृष्टान्त घेतला, तो उगाच नव्हे. त्या शहराजवळ दर दोन वर्षांनीं इस्थमियन खेळ भरत, आणि धांवणाऱ्याची मेहनत म्हणजे काय, हें तेथील लहानथोरांस ठाऊक असे. आज आमच्या खेड्यांतूनही पहाटे सडकेवर भरतीसाठीं धांवणारे तरुण दिसतात. त्यांतील कोणी मॅरेथॉनचेंही नांव घेतात. मैलभर जोरानें धांवतां येतें, तेवढ्या भरंवशावर आठपंधरा दिवसांच्या तयारीनें ह्या शर्यतींत उतरणाऱ्यांची आम्हांस काळजी वाटते. म्हणून आज त्याच विषयावर बोलूं.

पौलाच्या काळीं ही शर्यत नव्हती. प्राचीन ग्रीक खेळांतील सर्वांत लांब धांव फार तर पांच किलोमीटरांची असे. विजयाची वार्ता सांगून प्राण सोडणाऱ्या दूताची कथा मॅरेथॉनच्या लढाईनंतर (इ. स. पू. ४९०) फार उशिरा लिहिली गेली, हिरोडोटसाच्या इतिहासांत ती नाहीं. त्या कथेवरून १८९६ सालीं अथेन्स येथील ऑलिंपिक खेळांत ही शर्यत प्रथम ठेविली, तेव्हां अंतर सुमारें ४० किलोमीटर होतें. आजचें ४२.१९५ किलोमीटर अंतर १९०८ सालीं लंडन येथें प्रथम धांवलें गेलें व १९२१ सालीं कायम झालें.

त्या पहिल्या शर्यतींत फ्रान्सचा लेर्मुसियो आरंभापासून वाऱ्यासारखा पुढें निघाला आणि ३२ किलोमीटरांच्या सुमारास वाटेंतच थांबला. मग ऑस्ट्रेलियाचा फ्लॅक पुढें आला. ८०० व १५०० मीटरांच्या शर्यती त्यानें त्याच खेळांत जिंकल्या होत्या. परंतु शेवटचे कांहीं किलोमीटर उरले असतां तोही कोसळला. जिंकला तो मारूसी गांवचा पाणक्या, स्पिरिडॉन लुई. आरंभीं तो बराच मागें होता. त्यास २ तास ५८ मिनिटें ५० सेकंद लागले. तिसरा आलेला बेलोकास वाटेंत कांहीं अंतर घोडागाडींत बसला होता असें ठरून त्याचा क्रमांक काढून घेण्यांत आला, व तो हंगेरीच्या केल्नरास मिळाला. आमच्या भागांतील माणूसही ह्या वाटेवर लवकरच उतरला: १९२० सालीं अँटवर्प येथें बेळगांवचे फडेप्पा चौगुले एकोणिसावे आले.

बलवान् कां कोसळतात? आपल्या स्नायूंत व यकृतांत सांठलेली साखर बहुतेकांच्या बाबतींत ३० किलोमीटरांच्या सुमारास संपत येते. आरंभीं जो अधिक वेगानें धांवतो, त्याची ती अधिक लवकर जळते. मग पाय शिशाचे होतात. नव्या विश्वासणाऱ्याचा पहिल्या महिन्यांतील आवेश ज्या उपदेशकांनीं पाहिला आहे, त्यांना हें अधिक समजावून सांगणें नको.

तेव्हां नवशिक्यानें काय करावें? प्रथम छातींत दुखणें, मधुमेह, रक्तदाब ह्यांपैकीं कांहीं असल्यास डॉक्टरांस विचारावें. मग पहाटे अर्धा तास निघावें, एक मिनिट धांवावें, दोन मिनिटें चालावें. सोबत्याशीं बोलतां येईल इतकाच वेग ठेवावा. वाक्य तुटूं लागलें कीं वेग जास्त झाला. दम कांहीं आठवड्यांत वाढतो, परंतु हाडांस व कंडरांस बळकट होण्यास महिने लागतात; ह्या दोहोंमधील अंतरांतच बहुतेक दुखापती होतात. तरुणांस हें पटत नाहीं, कारण छाती तर आणखी धांव म्हणत असते. न थांबतां पांच किलोमीटर धांवूं शकणाऱ्यानेंही मॅरेथॉनसाठीं पांचसहा महिने द्यावे. ज्यानें कधींच धांवलें नाहीं, त्यानें वर्षभर.

आठवड्यांतून तीनचार दिवस पुरे. त्यांतील एक धांव लांब असावी. शहरांत ती बहुधा रविवारीं ठेवितात. आमच्या वाचकांनीं शनिवार घ्यावा, उपासनेंत डुलक्या घेणारे आम्हांस आधींच पुष्कळ आहेत. ही लांब धांव दर आठवड्यास एकदोन किलोमीटरांनीं वाढवावी, दर चौथ्या आठवड्यास कमी करावी, आणि तीस किलोमीटरांच्या आसपास थांबवावी. शर्यतीपूर्वीं दोनतीन आठवडे श्रम उतरते ठेवावे. हाडावर एकाच जागीं दुखूं लागल्यास धांवणें बंद. तेथें हट्ट धरल्यास हाडास चीर जाते.

शर्यतीच्या दिवशीं नवे बूट व नवें अन्न नको. पाणी तहानेप्रमाणें घ्यावें. सारखें नुसतें पाणी पीत राहिल्यानें रक्तांतील मीठ पातळ होऊन जीवावर बेतलेलें आहे. पहिले दहा किलोमीटर इतर लोक पुढें जातील, त्यांस जाऊं द्यावें. चढावर किंवा पाण्याच्या ठिकाणीं चालावेंसें वाटल्यास चालावें. तें नियमांत बसतें. आणि छातींत कळ आली किंवा भोंवळ आली, तर रस्त्याच्या कडेस बसून तेथील माणसांस हांक मारावी, मग शेवट हाकेच्या अंतरावर कां असेना.