अजून

मराठीतला ‘अजून’ हा शब्द अनुवादात हमखास फुटतो. ‘बाळ अजून बोलत नाही’, ‘बाळ अजून अंगावर पिते’, ‘बाळाला अजून भात हवा’ या तिन्ही वाक्यांत मराठीला एकच शब्द पुरतो. हिंदीत पहिल्यासाठी ‘अभी तक’, दुसऱ्यासाठी ‘अब भी’ आणि तिसऱ्यासाठी ‘और’ घ्यावा लागतो. इंग्रजीतही तीन वेगळे शब्द लागतात. काटेकोर मंडळी तिसऱ्या वाक्यात ‘आणखी’ सुचवतील, पण पानावर बसलेली मुले ‘अजून’च मागतात.

गर्भापासून किशोरवयापर्यंतच्या वाढीबद्दल आपण जे काही बोलतो, त्यात हा शब्द उघड किंवा लपून असतोच. अजून मान धरत नाही, अजून रांगते, अजून कळत नाही. वाढीचे टप्पे म्हणजे ‘अजून’ची यादीच. मात्र आपण त्यातला कोणता ‘अजून’ वापरतो, यावर मुलाशी आपले वागणे ठरते. म्हणून हा प्रश्न मला भाषेइतकाच नीतीचाही वाटतो.

गेल्या शतकात या यादीला शास्त्रीय रूप दिले ते झाँ पियाजे या स्विस अभ्यासकाने. स्वतःच्या तीन मुलांचे त्याने बारकाईने निरीक्षण केले आणि बालबुद्धीच्या चार अवस्था मांडल्या. साधारण दोन वर्षांपर्यंत मूल इंद्रियांनी आणि हालचालींनी जग जाणते. दोन ते सात या काळात भाषा आणि प्रतीके येतात, तर्काची घडी बसलेली नसते. सात ते अकरा या वयात समोरच्या वस्तूंपुरता तर्क चालतो आणि त्यानंतर अमूर्ताचा विचार जमू लागतो. पियाजेला मुलांच्या चुकांबद्दल विलक्षण कुतूहल होते; त्याच्या लेखी त्या चुकांमागे एक सुसंगत विचार होता. पण त्याच्या अवस्था पाठ्यपुस्तकांत आणि पालकांच्या मार्गदर्शिकांत उतरल्या, तेव्हा कुतूहल मागे राहिले आणि उणिवांचा तक्ता उरला.

त्याचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. मुलासमोर सोंगट्यांच्या दोन सारख्या रांगा मांडायच्या. दोन्हींत सोंगट्या तेवढ्याच आहेत, असे मुलाने कबूल केले की एक रांग पसरून लांब करायची आणि पुन्हा विचारायचे. पाच वर्षांचे मूल बहुधा म्हणते, लांब रांगेत जास्त आहेत. निष्कर्ष असा की संख्या कायम राहते हे त्याला अजून कळत नाही. 1974 मध्ये जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी या प्रयोगात एक छोटा बदल केला. रांग मोठ्या माणसाने न हलवता एका खोडकर खेळण्यातल्या अस्वलाने येऊन ‘विस्कटली’. आता बरीच जास्त मुले म्हणाली, सोंगट्या तेवढ्याच आहेत. डोनाल्डसनचे म्हणणे असे, की मोठे माणूस मुद्दाम काही हलवते आणि तोच प्रश्न पुन्हा विचारते, तेव्हा काहीतरी बदलले असणार असे मूल धरते. ते सोंगट्यांआधी माणसाला वाचत असते. आपण त्याच्या खात्यावर जी उणीव मांडली, तिच्यातला काही भाग आपल्या विचारण्याचा होता.

आपल्याकडची एक जुनी विभागणी याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. सुश्रुतसंहितेत सोळा वर्षांच्या आतल्यांना ‘बाल’ म्हटले आहे आणि त्यांचे तीन प्रकार केले आहेत : वर्षापर्यंत क्षीरप, दोन वर्षांपर्यंत क्षीरान्नाद, पुढे अन्नाद. दूध पिणारे, दूध आणि अन्न घेणारे, अन्न खाणारे. मुलाला काय येत नाही, हे या नावांत कुठेच नाही. ते कशावर जगते एवढेच आहे. आणि दूध म्हटले की पाजणारी आली, अन्न म्हटले की भरवणारा आला. मराठी घरांत उष्टावणाचा पहिला घास बहुधा मामा भरवतो, तोही याच हिशेबात बसतो. जन्माआधीची नोंदही अशीच आहे. चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, म्हणून गर्भवतीला दोन हृदयांची, ‘दौहृदिनी’ म्हणावे आणि तिच्या इच्छा डावलू नयेत, असे सुश्रुत सांगतो. तिचे डोहाळे इतरांनी पुरवायचे असतात. टप्पा मुलाचा आणि काम भोवतालच्या माणसांचे, अशी ही मांडणी आहे. इथला ‘अजून’ दुसऱ्या वाक्यातला आहे : अजून पिते, म्हणून अजून पाजा.

इथेच थांबले असते तर हा लेख पूर्वजांच्या कौतुकाचा झाला असता. पण नात्यांनी ठरवलेल्या टप्प्यांची दुसरी बाजू महाराष्ट्राला चांगली ठाऊक आहे. उपनयन कोणाचे होई आणि कोणाचे नाही, हे जात आणि लिंग ठरवत असे. मुलीच्या आयुष्यातला टप्पा म्हणजे लग्न आणि मग ऋतुप्राप्ती. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. 1884 मध्ये नवऱ्याने तिला नांदायला पाठवावे म्हणून मुंबईत दावा लावला आणि 1887 मध्ये न्यायालयाने तिला नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा, असे सांगितले. अजाणत्या वयात लावलेल्या लग्नाला ती आपले लग्न मानायला तयार नव्हती. 1888 मध्ये प्रकरण तडजोडीने मिटले. पुढे ती लंडनला शिकून डॉक्टर झाली. दरम्यान बंगालमध्ये फुलमणी दासी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संभोगाने झालेल्या जखमेने मरण पावली. 1891 च्या कायद्याने संमतीचे वय दहावरून बारावर नेले. विरोधकांचा एक मुख्य आक्षेप असा होता, की पहिल्या ऋतूनंतर गर्भाधान हा संस्कार आहे आणि ऋतू बाराच्या आतही येऊ शकतो. टिळक विरोधात होते. आगरकर कायद्याच्या बाजूने होते आणि भांडारकरांनी धर्मशास्त्राच्याच आधाराने ती बाजू मांडली.

या वादात वयाचा कोरडा आकडा मुलीच्या बाजूचा ठरला. तिचे शरीर, घर, गोत आणि शास्त्र ‘आता झाली’ म्हणत असताना तो आकडा ‘अजून नाही’ म्हणत होता. आज ती रेषा अठरावर आहे. पहिल्या वाक्यातला जो ‘अजून’ पियाजेच्या तक्त्यात उणिवेसारखा दिसला, तोच इथे संरक्षण झाला. म्हणून ‘मुलांना वयाच्या चौकटीत बसवू नका’ हे वाक्य मला सरसकट मान्य करता येत नाही. चौकट कोण वापरतो आणि कोणाविरुद्ध, हे आधी पाहावे लागते. सात वर्षांच्या आतील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा नाही आणि सात ते बारा या वयात समज पाहावी, हे 1860 च्या दंडसंहितेतले कलम 2023 च्या न्यायसंहितेनेही ठेवले. उलट 2015 च्या बालन्याय कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलावर घोर गुन्ह्याचा आरोप असेल, तर परिणाम समजण्याची त्याची क्षमता तपासून त्याला प्रौढासारखे खटल्याला उभे करण्याची वाट मोकळी केली. मतदानासाठी ‘अजून’, शिक्षेसाठी मात्र ‘आता’. हा फरक मुलाच्या वाढीतून आलेला नाही, आपल्या संतापातून आला आहे.

आणि जन्माआधीचे काय? पियाजेला अमेरिकेत वारंवार विचारले जाई, की या अवस्था लवकर गाठता येतील का. त्याने त्याला ‘अमेरिकी प्रश्न’ असे नावच ठेवले होते. आता तो आपलाही प्रश्न झाला आहे आणि गर्भापर्यंत पोहोचला आहे. शहरोशहरी गर्भसंस्काराचे वर्ग चालतात आणि दाखला दिला जातो अभिमन्यूचा. शेवटच्या महिन्यांत गर्भाला ऐकू येते हे खरेच आहे. 2009 च्या एका अभ्यासात साठ नवजात बाळांच्या रडण्याची तुलना केली गेली. फ्रेंच बाळांचे रडणे चढत जाणारे आणि जर्मन बाळांचे उतरत जाणारे आढळले, त्यांच्या भाषांच्या लयीसारखे. पण ही लय कोणी वर्ग लावून शिकवली नव्हती. आया बोलत होत्या, भांडत होत्या, बाजारात भाव करत होत्या. बडोद्यातल्या मराठी आईच्या पोटातल्या बाळाच्या कानावर भाजीवालीची गुजरातीही अशीच पडत असणार.

अभिमन्यूची गोष्ट आपण अर्धीच सांगतो. लोकांच्या तोंडी असलेल्या कथेत अर्जुन व्यूहभेद सांगत असतो, सुभद्रेला झोप लागते आणि बाहेर पडण्याचा भाग राहून जातो. म्हणजे दिवस भरत आलेली एक बाई दमून झोपली, हा मुलाच्या मरणाचा उगम. युद्धाच्या तेराव्या दिवशी काय झाले, ते पाहू. अर्जुन दूर लढत होता. अभिमन्यूने युधिष्ठिराला स्पष्ट सांगितले, की मला आत शिरता येते, बाहेर पडता येत नाही. आपले ‘अजून नाही’ त्याने स्वतःच बोलून दाखवले. वडीलधारे म्हणाले, तू वाट कर, आम्ही मागोमाग येतो. जयद्रथाने त्यांना अडवले आणि ते पोहोचले नाहीत. सोळा वर्षांच्या मुलाला अनेक महारथींनी मिळून मारले. अर्जुन परतल्यावर त्याने भावांना दोष दिला, सुभद्रेच्या झोपेला नाही. गर्भसंस्काराच्या जाहिरातीत मात्र तीच झोप उरली आहे आणि युधिष्ठिर गायब आहे.

मूल कोणत्या टप्प्यावर आहे याची मोजदाद करू नये, असे मी म्हणणार नाही. वेळेत न बोलणाऱ्या मुलाला मदत मिळायची तर कोणीतरी महिने मोजलेच पाहिजेत. पण प्रत्येक ‘अजून नाही’च्या पुढे, तोवर कोणी काय करायचे, हेही लिहायला हवे. बोलत नाही, तोवर कोण बोलणार. चालत नाही, तोवर कोण उचलणार. व्यूहातून बाहेर पडता येत नाही, तर त्याला आत कोण पाठवणार नाही. तक्त्यात हा रकाना नसतो. आणि पोट भरलेले असतानाही गोष्ट, घास, झोका मागताना मूल जो ‘अजून’ म्हणते, तो तिसरा ‘अजून’ कुठल्याच तक्त्यात मावत नाही. त्याला उत्तर द्यायला वेळ लागतो, आणि तो मोठ्यांनाच काढावा लागतो.