माणशी एक ओमर

शास्त्रपाठ : निर्गम १६:१३-३१, लूक १२:१६-२१, २ करिंथ ८:१३-१५

इस्राएल लोक मिसर देशातून निघाले, तेव्हा त्यांच्या हातांस एकच काम ठाऊक होते. फारोसाठी त्यांनी पिथोम व रामसेस ही कोठारांची नगरे बांधिली होती. एक कोठार भरले की दुसरे उभारावयाचे, असा तेथील क्रम होता. पुढे तर विटांसाठी लागणारा पेंढा देणे बंद झाले, आणि विटांची संख्या मात्र पूर्वीइतकीच मागण्यात आली. अशा लोकांस देवाने रानात आणिले आणि सीनाय पर्वतावर दहा आज्ञा देण्यापूर्वीच त्यांस एक धडा शिकविला. तो धडा मान्नाचा होय.

ह्या धड्यात तीन गोष्टी होत्या. पहिली ही की, प्रत्येक घरधन्याने आपल्या डेऱ्यातील माणसे मोजावी आणि माणशी एक ओमर, म्हणजे सुमारे दोन लिटर मावेल एवढे माप, गोळा करावे. दुसरी ही की, मापून पाहता अधिक वेचणाऱ्याजवळ शिल्लक राहिली नाही आणि कमी वेचणाऱ्यास उणे पडले नाही. तिसरी ही की, ज्यांनी आज्ञा मोडून दुसऱ्या दिवसासाठी दडवून ठेविले, त्यांच्या साठ्यात किडे पडले. प्रिय वाचकहो, कोठारे बांधण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांस देवाने आधी माप शिकविले. मुक्तीच्या वाटेवरील हा पहिला पाठ आहे, आणि सांप्रतच्या जगास त्याची फार गरज आहे.

आज राज्यकर्ते, व्यापारी व वर्तमानपत्रे एकच प्रश्न विचारतात : यंदा वाढ किती झाली? गतवर्षाहून अधिक माल, अधिक वीज, अधिक विक्री झाली म्हणजे देश पुढे गेला असे समजतात. ही वाढ कोठवर चालेल, हा प्रश्न थोडेच विचारतात. सन १९७२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील काही विद्वानांनी वाढीच्या मर्यादांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि मर्यादित पृथ्वीवर अमर्याद वाढ होऊ शकत नाही असे हिशेब मांडून दाखविले. पण त्यापूर्वी सत्तावीस वर्षे हीच गोष्ट आमच्या अगदी शेजारी राहणाऱ्या एका ख्रिस्ती गृहस्थांनी सांगून ठेविली होती.

त्यांचे नाव जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा. सन १८९२ साली तंजावर येथे ख्रिस्ती घराण्यात त्यांचा जन्म झाला. विलायतेत हिशेबतपासनिसाचे व अमेरिकेत अर्थशास्त्राचे शिक्षण घेऊन ते परतले आणि गांधीजींच्या कार्यात शिरले. सन १९३४ साली ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा त्याचा कारभार त्यांनी वर्ध्यास मगनवाडीत राहून चालविला. वर्धा नदी ओलांडली की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातून तेथे जाता येते. पुढे तुरुंगात असता त्यांनी टिकाऊ अर्थव्यवस्थेवर एक पुस्तक लिहिले व प्रभू येशूच्या आचरणावर दुसरे. ती दोन्ही सन १९४५ साली प्रसिद्ध झाली. एकाच लेखणीतून ही दोन पुस्तके निघाली हा योगायोग नव्हे, असे आम्हांस वाटते.

कुमारप्पांनी सांगितलेला भेद आम्ही खेड्यातील शब्दांत सांगतो. घरातील रांजण एकदा भरला म्हणजे त्यातून जेवढे घ्यावे तेवढे कमी होते. ओढ्याचे तसे नाही. त्यातून वाहते तेवढेच घेतले तर तो आटत नाही. पृथ्वीवरील कोळसा, तेल व धातू ही रांजणातील पाण्यासारखी आहेत. ऊन, वारा, पाऊस, रानातील झाडांची वाढ व जनावराचे बळ ही ओढ्यासारखी आहेत. जो ओघावर जगतो तो टिकतो. जो साठा उपसून त्यालाच कमाई म्हणतो, तो बियाणे दळून खाणाऱ्या शेतकऱ्यासारखा आहे. त्याचा महिना मजेत जातो, पेरणी मात्र येतेच. हे केवळ पुस्तकात राहू नये म्हणून मगनवाडीत रॉकेलऐवजी वनस्पतींच्या तेलावर जळणारा कंदील तयार करण्यात आला. त्यास ‘मगन दीप’ म्हणत. रॉकेल दूरच्या रांजणातून येते, तेल आपल्या शेतातून निघते, एवढा त्यातील अर्थ होता.

आता घाटंजीच्या पंचक्रोशीत राहून आम्ही कोणत्या रांजणातून पितो ते पाहू. आमच्याच जिल्ह्यात पूर्वेस वणीकडे कोळशाच्या खाणी आहेत. पंचवीस कोटी वर्षांहूनही पूर्वीची राने दबून तो कोळसा झाला. चंद्रपूरचे २,९२० मेगावॉटचे वीजकेंद्र कोळशावरच चालते. शेतात टाकतो त्या युरियातील नत्र हवेतून घेतात खरे, परंतु ते बांधण्यास नैसर्गिक वायू खर्ची पडतो, आणि तो वायूही रांजणातलाच. त्याचा मोठा भाग आपल्या देशास परदेशांतून विकत आणावा लागतो. सन २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले, तेव्हा जगाच्या बाजारात खतांचे भाव भडकले. दिवा जळतो येथे, पण त्याची वात दुसऱ्याच्या हाती आहे.

राखून न वापरलेला साठा कसा नासतो, हेही मान्नाच्या गोष्टीत आहे. दीडदोनशे वर्षांत माणसांनी इतका कोळसा व इतके तेल जाळिले की, हवेच्या दर दहा लाख भागांत पूर्वी जो कर्बवायू सुमारे २८० भाग होता तो आता ४२० च्या वर गेला आहे. त्या वायूने पृथ्वी तापते. पावसाचा नेम चुकतो. कधी पेरणीनंतर लांब खंड पडतो, तर कधी वेचणीच्या वेळी सरी कोसळून बोंडे काळी पडतात. ज्याने आयुष्यात मोटार पाहिली पण घेतली नाही, त्याच्याही शेतावर हे किडे उतरतात.

कापसाची गोष्ट तर आम्हांस अधिक जवळची. अमेरिकेत सन १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध चालले, तेव्हा विलायतेच्या गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच तो उतरला. तरी कापसाची ओढ राहिली ती राहिलीच. सन २००२ साली बीटी कापसाच्या वाणास आपल्या देशात परवानगी मिळाली. आरंभी बोंडअळी हटली व उत्पन्न वाढले. मग प्रत्येक वावरात तेच बियाणे, दर वर्षी विकत घेतलेले, त्यावर खत, त्यावर कर्ज. पुढे गुलाबी बोंडअळी त्या विषास सरावली. सन २०१७ च्या हंगामात पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी वाढली. फवारणी करणाऱ्यास पंप वर धरावा लागे, दोनतीन औषधे एकत्र मिसळलेली असत, तोंडावर फडके एवढेच रक्षण. विष त्याच्याच अंगावर पडे. त्या वर्षी आमच्या यवतमाळ जिल्ह्यात वीसांहून अधिक शेतकरी व मजूर विषबाधेने मरण पावले आणि शेकडो इस्पितळात गेले. बंधूंनो, त्यांतील पुष्कळांच्या मालकीचा तो कापूस नव्हता. ते रोजाने फवारीत होते. वाढीची किंमत कोण भरतो हे ह्यावरून समजावे.

येथे कोणी विचारील, “पाळकसाहेब, आमच्या घरी आधीच उणे आहे. पुरे म्हणण्याचा उपदेश ज्यांच्या दारी दोन मोटारी आहेत त्यांस करा.” हा प्रश्न रास्त आहे, आणि त्यास टाळून पुढे जाणारा उपदेशक शास्त्राशी प्रामाणिक नव्हे. कारखान्यांसह हिशेब केला तर आपल्या देशात वर्षास माणशी सुमारे १,४०० युनिट वीज लागते. अमेरिकेत ती १२,००० च्या आसपास आहे. ज्या घरात संध्याकाळी एक दिवा मिणमिणतो त्या घरास काटकसर शिकविणे ही थट्टा होय. म्हणून मान्नाचा नियम पुन्हा नीट वाचा. माणशी एक ओमर ह्याचा अर्थ, ओमराहून अधिक नको इतकाच नाही. ओमराहून कमीही कोणास नको, असा आहे. ज्याचे माप भरले नाही त्याची वाढ देवास मान्य आहे. त्याच्या मुलास शाळा, आजाऱ्यास औषध, घरास दिवा व दारी पाणी मिळालेच पाहिजे. परंतु एकाचे माप भरून वाहत असेल तर दुसऱ्याचे भरण्यास तेवढेच कमी उरते. मर्यादा ही गरिबास केलेली शिक्षा नव्हे. त्याचा वाटा राहावा म्हणून घातलेला बांध आहे.

पौलाने हे ओळखिले होते. यरुशलेमातील गरीब पवित्र जनांसाठी करिंथच्या मंडळीने वर्गणी द्यावी म्हणून लिहिताना त्याने मान्नाच्याच गोष्टीचा दाखला दिला. त्याचा हेतू एकास चैन व दुसऱ्यास ओझे असा नव्हता. समानता व्हावी हा होता. आणि प्रभूने ज्या श्रीमंताची गोष्ट सांगितली, त्याचा दोष शेत पिकले हा नव्हता. पीक अधिक आले तेव्हा त्यास शेजारी आठवला नाही, मोठे कोठार आठवले. आणि त्याच रात्री त्याचा जीव मागण्यात आला.

तथापि साठविणे म्हणजेच पाप, असे कोणी समजू नये. सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची आज्ञा होती, आणि शब्बाथासाठी राखलेले ते मान्न नासले नाही. पुढच्या पेरणीचे बियाणे, वर्षाचे धान्य, आजारपणासाठी चार पैसे, रानात उभा राखलेला साग, बांधाने अडविलेले पाणी, हे सहाव्या दिवसाचे राखणे आहे. ते विसाव्यासाठी व पुढील पिढीसाठी आहे. कुमारप्पांनी वानराचा व मधमाशीचा दृष्टान्त दिला आहे. वानर न लाविलेल्या आंब्यावर चढून खाते व नासधूस करून निघून जाते. मधमाशी फुलातून घेते, पण घेता घेता फळ धरण्यास साह्यही करिते. एदेन बागेत आदामास ठेविले ते मशागत व राखण ह्या दोन्हींसाठी. आमचे घेणे वानराचे आहे की माशीचे, हे प्रत्येकाने आपल्या वावराच्या धुऱ्यावर उभे राहून पाहावे.

मग आमच्या मंडळ्यांनी काय करावे? मोठ्या राष्ट्रांचे कारभार आमच्या हाती नाहीत. पण पुढील गोष्टी आहेत.

पहिली, आधी घरची भाकर. सगळे वावर कापसाखाली न घालता काही भाग ज्वारी, तूर, मूग, उडीद ह्यांस ठेवावा. बाजार पडला तरी चूल पडू नये.

दुसरी, पाणी मोजून घ्यावे. सन १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास जालना व सोलापूर येथे मिशनच्या लोकांनी मजबूत हातपंप बनविले, आणि त्याच अनुभवावरून पुढे देशभर ‘इंडिया मार्क दोन’ हातपंप पसरला. त्या पंपास माणसाच्या दंडाची मर्यादा होती. विजेच्या पंपास ती नाही. सौर पंपास तर बिलही नाही. म्हणून विहिरीस तळ नाही असे मानू नये. पावसाने जेवढे मुरविले तेवढेच आपले.

तिसरी, फवारणीविषयी. निंबोळीचा अर्क व वेळेवर पाहणी ह्यांनी जेवढे भागते तेवढे भागवावे. फवारावेच लागले तर औषधे मनाने मिसळू नयेत, वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नये, आणि हातमोजे, तोंडपट्टी व चष्मा दिल्यावाचून कोणा मजुरास वावरात पाठवू नये. जो ख्रिस्ती मालक हे पाळीत नाही त्याने प्रभुभोजनास येण्यापूर्वी आपल्या मजुराच्या घरी जावे.

चौथी, लग्नकार्यात शेजाऱ्याच्या मांडवाकडे पाहून आपला मांडव वाढवू नये. दुसऱ्यास दाखविण्यासाठी काढिलेले कर्ज फेडताना कोणी पाहावयास येत नाही.

पाचवी, हंगामाच्या उपासनेत प्रत्येक घराने मूठमूठ धान्य आणून मंडळीची कणगी भरावी, व जेथे ओमर भरला नाही तेथे ते गाजावाजा न करिता पोहोचवावे. उपदेशक बंधूंनी ह्याचा हिशेब मंडळीपुढे वाचून दाखवावा.

आमच्याजवळच टिपेश्वरचे रान आहे, सुमारे १४८ चौरस किलोमीटरांचे. सन २०१९ साली तेथला एक तरुण वाघ आपल्यासाठी जागा शोधीत निघाला आणि १,३०० किलोमीटरांहून अधिक भटकत बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन पोहोचला. त्याच्या गळ्यातील पट्ट्यावरून ही वाट कळली. रानाचे पोषण मोजके आहे हे वाघास कळते, आणि जागा नसेल तेथून तो उठून जातो. मनुष्यास मात्र ही पृथ्वी सोडून जाण्यास दुसरे रान नाही. त्याने येथेच माप शिकले पाहिजे, आणि त्यास ते शिकता येते, कारण त्यास शिकविणारा पिता आहे.

प्रभूने आपल्या शिष्यांस प्रार्थना शिकविली, तेव्हा त्या दिवसापुरती भाकर मागावयास सांगितले, आणि तीही एकट्यासाठी नव्हे, आम्हां सर्वांसाठी. ही प्रार्थना आपण दर रविवारी मोठ्याने म्हणतो. येत्या रविवारी ती म्हणताना आपल्या घरचा ओमर डोळ्यांपुढे आणावा, आणि शेजारच्या घरचाही. ज्याने रानात चाळीस वर्षे कोणास उणे पडू दिले नाही, तो देव आपल्या मंडळ्यांस पुरेसे घेण्याची बुद्धी व उरलेले देण्याचा आनंद देवो. आमेन.