कोणाच्या वतीने?

१८९० साली पुण्यात औद्योगिक परिषद भरली. तिच्या व्यासपीठावर उभे राहिलेले महादेव गोविंद रानडे कारखानदार नव्हते, सरकारी नोकरीतले न्यायाधीश होते. निबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो थेट जावा बेटावरचा: डच सरकारने तिथे उत्पादनासाठी सरकारी भांडवल कसे पुरवले. ती पद्धत जावातल्या रयतेला जुलमी ठरली होती. रानड्यांना तिच्यातून उचलायचे होते ते एवढेच, की सरकारने मनावर घेतले तर उद्योगाला भांडवल मिळू शकते.

तोवर पुण्यातल्या स्वदेशीचा रोख मुख्यतः गिऱ्हाइकाकडे होता. सार्वजनिक काका १८७७ च्या दिल्ली दरबारात खादी नेसून गेले, त्या कृतीतले आवाहन लोकांना होते: देशी माल वापरा. रानड्यांनी प्रश्नाचे तोंड सरकारकडे वळवले. १८९२ साली डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात त्यांनी त्यामागचा विचारही मांडला. इंग्लंडमध्ये लिहिले गेलेले अर्थशास्त्राचे नियम सगळ्या देशांना आणि सगळ्या काळांना सारखे लागू पडत नाहीत. जिथे कारखानदारी नुकती रुजते आहे तिथे राज्याला हात बांधून बसता येणार नाही. जर्मन विचारवंत फ्रेडरिक लिस्ट यांच्या मांडणीचा त्यांना आधार होता. प्रांतातल्या उत्पादकासाठी सरकारच्या धोरणावर बोट ठेवणे ही याचना नसून विचारपूर्वक केलेली मागणी असू शकते, हे मराठी मुलखात इतक्या स्पष्टपणे प्रथम रानड्यांनीच सांगितले असे म्हणायला हरकत नाही.

सरकारने काय ऐकले, ते कापडाच्या बाबतीत लगेच दिसले. १८९४ साली आयात कापडावर पाच टक्के जकात बसली, आणि लँकेशायरची तक्रार नको म्हणून इथल्या गिरण्यांच्या सुतावरही कर आला. १८९६ साली दोन्हीकडचे दर साडेतीन टक्के झाले आणि इथला कर गिरणीत विणलेल्या कापडावर बसला. मुंबईच्या गिरणी मालकांची संघटना १८७५ पासून उभी होती; तिच्याकडे पैसा होता, वकील होते, इंग्रजी वर्तमानपत्रे होती. तरी हा कर रद्द व्हायला १९२६ साल उजाडले. देशातल्या सर्वांत बलवान उत्पादकांची ही गत, तर सोलापूरच्या विणकराचे किंवा तांबटाचे कोण ऐकणार होते?

मधल्या काळात मागण्याची रीत मात्र पालटली. १९२३ साली टॅरिफ बोर्ड नेमले गेले. संरक्षण हवे असेल तर उद्योगाने पुढे येऊन तीन गोष्टी दाखवायच्या: कच्चा माल आणि बाजारपेठ यांची नैसर्गिक अनुकूलता आपल्याकडे आहे, आधाराशिवाय आपण उभे राहू शकत नाही, आणि पुढे कधीतरी आधाराशिवाय उभे राहू. म्हणजे भाषणाच्या जागी खर्चाचा हिशेब आला. साखरेला १९३२ साली असे संरक्षण मिळाले. सासवडच्या माळी समाजाच्या शेतकऱ्यांनी माळीनगरला कारखाना काढला तो याच काळात.

पण हिशेब मांडायला माणूस लागतो, कारकून लागतो, मुंबई-दिल्लीच्या खेपा लागतात. एकट्यादुकट्या कारखानदाराला हे झेपत नाही; त्यासाठी संघटना, म्हणजे चेंबर, लागते. मुंबईतले पहिले चेंबर १८३६ चे, ते इंग्रज व्यापाऱ्यांचे. देशी व्यापाऱ्यांचे १९०७ मध्ये झाले, पण त्याचाही जीव मुंबई शहराच्या व्यापारात. म्हणून १९२७ साली सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी महाराष्ट्र चेंबर उभे केले आणि १९३४ साली पुण्यात अ. रा. भट यांच्या धडपडीतून मराठा चेंबर निघाले. भट स्वतः मोठे भांडवलदार नव्हते. लहान उद्योगांची बाजू मात्र ते आयुष्यभर मांडत राहिले. ‘प्रांताचा उत्पादक’ ही ओळख इथे संस्थेच्या रूपाने उभी राहिली.

स्वातंत्र्यानंतर सरकार आपले झाले, आणि मागणी बदलली: परदेशी मालापासून वाचवा, याच्या जोडीला देशातल्या मोठ्यांपासूनही वाचवा. पुण्याचेच अर्थशास्त्रज्ञ द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५५ साली ग्रामोद्योग आणि लघुउद्योगांसाठी उत्पादनाची क्षेत्रे राखण्याचा विचार मांडला. १९६७ मध्ये ४७ वस्तू लघुउद्योगांसाठी राखीव झाल्या. यादी वाढत वाढत आठशेच्या वर गेली.

या धोरणाने लहानांना बाजारात पाय ठेवायला जागा दिली, हे नाकारता येत नाही. त्यातली खोच मात्र कारखान्यात शिरल्यावर कळे. यंत्रसामग्रीतली गुंतवणूक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की लघुउद्योग हे नाव जाई, आणि नावाबरोबर सवलतीही. मग वाढीव काम आले की जुन्या शेडमध्ये चांगले यंत्र बसवण्याऐवजी भावाच्या नाहीतर बायकोच्या नावावर दुसरे युनिट काढायचे. पुढे २००१ पर्यंत आयातीवरची संख्यात्मक बंधने उठली आणि चमत्कारिक स्थिती आली: राखीव वस्तू परदेशातला मोठा कारखाना इथे विकू शकत होता, देशातल्या मोठ्या कारखान्याला ती बनवायला मात्र बंदी. उरलेल्या २० वस्तू २०१५ मध्ये यादीतून निघाल्या. लहानांचे भले करायचे म्हणजे त्यांना लहानच ठेवायचे, हा समज इतकी वर्षे टिकला याची हळहळ वाटते, कारण त्यामागचा हेतू खराच होता.

आज भोसरीत किंवा इचलकरंजीत कारखानदाराला काय हवे म्हणून विचारले, तर संरक्षणाचे नाव क्वचित निघेल. ‘पेमेंट वेळेवर मिळू द्या,’ हे आधी येईल. जॉबवर्क करून माल पाठवला, बिल लावले, आणि पुढे तीन-चार महिने फोन करत बसायचे. इकडे पगार, वीजबिल आणि बँकेचा हप्ता थांबत नाही. यासाठी पहिला कायदा १९९३ चा. २००६ च्या कायद्याने ४५ दिवसांची कमाल मुदत घातली आणि उशीर झाल्यास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज ठरवले. कागदावर याहून कडक काय असणार? पण तक्रार करायची कोणाविरुद्ध? ज्याच्या ऑर्डरवर शेड चालते, त्याच्याचविरुद्ध. दावा जिंकायचा आणि गिऱ्हाईक गमवायचे, हा सौदा फार थोड्यांना परवडतो.

म्हणून आयकर कायद्यातली २०२४ पासूनची दुरुस्ती वेगळी आहे. सूक्ष्म आणि लघुउद्योगाचे बिल मुदतीत चुकते केले नाही, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च खरेदीदाराला करासाठी वजा करता येत नाही. तक्रारीचे ओझे लहान पुरवठादाराच्या डोक्यावरून उतरले. तरी ती लागू होण्याच्या सुमारास काही व्यापारी संघटनांनी मुदतवाढ मागितली. खरेदीदार नोंदणी नसलेल्यांकडे वळतील, ही भीती खुद्द काही लहान उत्पादकांनाही वाटत होती. ‘उद्योगजगताची मागणी’ असे आपण म्हणतो तेव्हा त्या एका शब्दात देणेकरी आणि घेणेकरी दोघेही बसलेले असतात. चेंबरच्या सभासदयादीतही ते शेजारी शेजारी असतात. कोणाच्या बाजूने निवेदन लिहायचे, हा प्रश्न अशा वेळी टाळता येत नाही.

जून २०२५ मध्ये हाच प्रश्न अनपेक्षित वाटेने समोर आला. मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही. त्यावर वालचंदांनी स्थापलेल्या महाराष्ट्र चेंबरने पत्र लिहिले ते थेट इटलीतल्या कंपनीला. कंपनीने प्रेरणा भारतीय पादत्राणांची असल्याचे मान्य केले. जुलैत तिची माणसे कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने यासंबंधीची एक जनहित याचिका फेटाळली. याचिकाकर्ते भौगोलिक मानांकनाचे नोंदणीकृत धारक नाहीत, धारकांना स्वतः दाद मागता येईल, असे न्यायालयाचे म्हणणे होते. २०१९ च्या त्या मानांकनात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे येतात, आणि धारक म्हणून नावे आहेत ती दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांची. डिसेंबरात कंपनीशी करार झाला तो याच महामंडळांचा. कातडे कमावणारा, तळ शिवणारा आणि वेणी घालणारा कारागीर या व्यवहारात महामंडळाच्या सहीमागे उभा आहे. त्याच्या मजुरीचा दर कोण, कोणासमोर आणि कोणत्या हिशेबाने ठरवणार, याचे निवेदन अजून लिहायचे आहे.