गिअरबॉक्सवरचा आरोप

पुण्यात एका वकिलांकडे 1965 सालची एमजीबी होती. इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात अशा पाच लाखांहून जास्त गाड्या तयार झाल्या. ही त्यातलीच एक. वकिलांचे काका तिकडची नोकरी संपवून परतले तेव्हा त्यांनी ती बोटीने मुंबईला आणली होती. बुटकी, दोन माणसांची, कापडी छताची. काका गेल्यावर ती पुतण्याकडे आली आणि वर्षभरातच गिअर पडायला कुरकुर करू लागली.

सिग्नलला उभं राहून पहिला घालायचा तर दांडा दोन्ही हातांनी ढकलावासा वाटे. रिव्हर्स घालताना तर असा खरडल्याचा आवाज येई, की शेजारच्या टपरीवरची माणसं चहा हातात धरून वळून बघत. वकिलांनी गाडी एका गॅरेजला दाखवली. तिथे क्लचचा स्लेव्ह सिलिंडर नवा बसवला. फरक पडला नाही. दुसऱ्या गॅरेजने मास्टर सिलिंडर बदलला, एअर काढली आणि जाताजाता बॉक्समध्ये नव्वद नंबरचं जाड गिअर ऑइल भरून दिलं. गिअर आणखी जड झाले. तिसऱ्याने दांडा दोनदा हलवला आणि निदान करून टाकलं, "बॉक्स गेला, साहेब."

एमजीबीत बॉक्स गेला म्हणणं सोपं, काढणं नव्हे. तो खालून एकटा निघत नाही, आधी इंजिन वर उचलावं लागतं. साधी क्लचप्लेट बदलायची तरी तीच कसरत. खर्चाचा आकडा ऐकून वकील गप्प झाले, पण मनातून त्यांना तो पटलाही. जुन्या गाड्यांच्या मालकांचं हे एक बघण्यासारखं असतं. किरकोळ आजार सांगितला तर त्यांचं समाधान होत नाही. गाडी मोठी, तर दुखणंही तिच्या तोलाचं हवं.

इंजिन उतरवायचं ठरलं ते नाना पेठेजवळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. वकिलांनी चावी दिली आणि म्हणाले, "बॉक्स उघडा. कोणते भाग लागतील त्याची यादी द्या, मी इंग्लंडहून मागवतो." तिकडे या गाडीचे बहुतेक सुटे भाग अजून बनतात, अख्खा नवा सांगाडासुद्धा मिळतो. त्यामुळे पैसे असले की मागवण्याचा मोह फार.

"बॉक्सने काय केलंय?" उस्तादांनी विचारलं.

"गिअर पडत नाहीत."

"ही तक्रार झाली. पुरावा कुठाय? तुम्ही कोर्टात असं चालू द्याल का, वकीलसाहेब?"

उस्तादांनी इंजिन बंद ठेवूनच चारही गिअर आणि रिव्हर्स घालून पाहिले. लोण्यासारखे पडले. म्हणजे दांडा, आतले रॉड, काटे यांच्यात काही अडकलेलं नव्हतं. मग इंजिन सुरू केलं, न्यूट्रलमध्ये कान लावून ऐकलं. घरघर नव्हती. क्लच पूर्ण दाबून धरला, सावकाश दहा आकडे मोजले आणि मगच रिव्हर्स घातला. करकर झालीच.

"आता बघ," ते हाताखालच्या पोराला म्हणाले. "क्लच नीट सुटला असता तर एवढ्या वेळात आतला शाफ्ट फिरायचा थांबला असता. रिव्हर्सला सिंक्रो नसतो, म्हणून तो खोटं बोलत नाही. शाफ्ट अजून फिरतोय, म्हणजे क्लच पुरता सुटत नाही. बॉक्सचं पुढचं पुढे."

पेडल दोन-तीनदा भराभर मारून पाहिलं, तरी फरक नाही. पाइपात हवा राहिली असती किंवा सिलिंडर गळत असता तर पंप मारल्यावर क्लच सुधारला असता. पोरगा म्हणाला, "मग प्लेटच अडकली असेल. नाहीतर फ्लायव्हीलच्या मधला बुश धरला असेल."

"असेलही. पण ते बघायला इंजिन काढावं लागतं. जे न काढता दिसतं ते आधी बघ."

पोरगा पट्टी घेऊन गाडीखाली गेला. वकिलांना सीटवर बसवून पेडल दाबायला सांगितलं. स्लेव्ह सिलिंडरचा दांडा क्लचच्या काट्याला ढकलतो, त्या टोकाची हालचाल मोजायची होती. ती अर्धा इंच तरी हवी, म्हणजे 12-13 मिलिमीटर.

"नऊ," खालून आवाज आला.

"साहेब, पाय पूर्ण दाबा."

"पूर्णच दाबलाय! फरशीला टेकलाय."

"पुन्हा दाबा."

"नऊच."

दोन्ही सिलिंडर नवे, तेल स्वच्छ, गळती नाही. आधीच्या दोघांनी आपापला भाग तपासला होता आणि त्या भागापुरते ते बरोबरही होते. पण पायापासून काट्यापर्यंतचा सगळा रस्ता एकानेही पाहिला नव्हता. उस्तादांनी पेडलच्या वरच्या पेटीचं झाकण उघडलं. पेडल आणि मास्टरचा दांडा जोडणारी पिन मधोमध झिजून कंबर बारीक झालेली. पेडलचं गोल भोक लंबुळकं झालेलं. पाय थोडा खाली गेला तरी मास्टरचा दांडा जागचा हलत नव्हता. खाली काट्यापाशी दुसरी पिन, तिचीही तीच गत. मधली रबरी नळी बाहेरून ठीक दिसत होती, पण पेडल दाबलं की उस्तादांच्या बोटांखाली फुगत होती. काट्याला ढकलायचं सोडून तेल तिथेच जागा करून घेत होतं. एकेक ढिलाई एकटी सापडली असती तर कुणीही "चालतंय" म्हणून सोडून दिली असती. सगळ्यांची बेरीज मात्र क्लचला सुटू देत नव्हती.

पिना लेथवर नव्या करून घेतल्या. पेडलच्या भोकात बुश बसवला. नळीचे आटे इंची, म्हणून ती तेवढी इंग्लंडहून आली. बॉक्सचा प्लग उघडून उस्तादांनी ऑइल बोटावर घेतलं, हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. गंधकाचा वास. या बॉक्समध्ये गिअर ऑइल जात नाही. इंजिनात पडतं तेच, 20W-50, इथेही घालायचं असं गाडीच्या पुस्तकातच दिलेलं आहे. जाड ऑइलात सिंक्रोच्या पितळी रिंगा नीट पकडत नाहीत, आणि त्यातली काही रसायनं पितळेला मानवतही नाहीत. पुस्तक वकिलांच्या कपाटात होतं, काकांच्या सहीसकट. ते कुणी उघडलं नव्हतं.

यानंतर पट्टीने तेरा दाखवले. रिव्हर्स निमूट पडला.

वकील चक्कर मारून आले ते रागावूनच. "उस्ताद, पहिला अजून खरडतो. गाडी हळू झाली की दुसऱ्यातून पहिल्यात टाकतो ना, तेव्हा."

"तो खरडणारच. 1967 च्या शेवटापर्यंतच्या गाड्यांत पहिल्याला सिंक्रो दिलेलाच नव्हता. तो पुढच्या बॉक्समध्ये आला. तुम्ही थांबा, मग पहिला घाला. नाहीतर काका करायचे तसं करा. न्यूट्रलमध्ये क्लच सोडून थोडा ॲक्सिलरेटर द्या, परत क्लच दाबा आणि मग घाला."

"म्हणजे हा दोष नाही?"

"घडण आहे. दोष वेगळा आहे, तोही सांगतो. दुसऱ्याचा सिंक्रो थकलाय. वरून खाली येताना मी तो मुद्दाम घाईने टाकून पाहिला, घासतो. त्याला बॉक्स उघडावाच लागेल. पण त्या एकासाठी आज इंजिन काढू नका. प्लेट संपेल तेव्हा ते निघणारच आहे, तेव्हा सगळं एकदम करू. तोवर दुसरा जरा सावकाश घाला."

वकील बिल चुकतं करून निघाले, तेव्हा उस्ताद खिडकीपाशी वाकले. "आणि साहेब, चालवताना डावा पाय क्लचवर ठेवून बसता तुम्ही. माझ्या अंगणातून बाहेर पडेपर्यंत मी बघत होतो. या गाडीचं क्लच बेअरिंग गोळ्यांचं नाही, कार्बनची साधी रिंग आहे. पाय टेकला की ती घासते. पाय बाजूला ठेवायचा."

वकिलांना हे आवडलं नाही. बॉक्सला, सिलिंडरला, गॅरेजवाल्यांना दोष देऊन झाला होता, आणि आता उरलेला त्यांच्याच डाव्या पायाशी येऊन थांबला होता. अशा वेळी माणूस दुसरा मिस्त्री शोधतो. वकिलांनी तसं केलं नाही, ही त्यांची जमेची बाजू.

दोन वर्षांनी त्यांनी उस्तादांना फोन केला. "कात्रजचा घाट चढताना टॉपमध्ये ॲक्सिलरेटर दिला की इंजिनाचा काटा वर जातो, वेग तसाच राहतो. सपाटीवरही करून पाहिलं, तेच. पेडलची चाल मोजली, तेरा आहे. क्लच सुटतोय, पण धरत नाही. प्लेट गेली."

"आता इंजिन काढू," उस्ताद म्हणाले.

इंजिन आणि बॉक्स एकत्र बाहेर आले. प्लेट रिव्हेटांपर्यंत झिजलेली निघाली, कार्बनची रिंग धातूच्या कडेला भिडायच्या बेतात होती. दोन्ही बदलले, फ्लायव्हीलमधला बुश बदलला, दुसऱ्या गिअरची पितळी रिंग नवी घातली. बॉक्समधले बाकीचे गिअर, शाफ्ट आणि बेअरिंगं तपासून जशीच्या तशी परत बसवली.